सेल उतरले

अण्णांच्या स्पूलांपैकी सातव्या खोक्यावर पेन्सिलीने लिहिलेलं आहे : ‘उरूस १९७१. रात्र. दरबारी. शेवटी सेल उतरले.’ गवयाचं नाव नाही. अण्णांना ते तोंडपाठ असणार, म्हणून लिहायचं सुचलं नसेल. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी करायची आणि रात्रपाळी बदलून घेऊन गाणं ऐकायला पळायचं, असा तो माणूस. आपल्या माघारी कुणी ही टेप लावून ‘कोण हो हे?’ विचारेल, हे त्यांच्या डोक्यात कशाला येईल?

आम्ही मिरजेचे. मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात गवई येतात, हजेरी लावून जातात. अण्णांकडे कुणा साहेबाकडून जुना घेतलेला एक जर्मन टेपरेकॉर्डर होता. खांद्याला अडकवायचा, बॅटरीवर चालणारा. त्याला पाच मोठे सेल लागत आणि ते महाग पडत, म्हणून आई कुरकुर करायची. तेरा सेंटिमीटरचं स्पूल, सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर वेग, एका बाजूला पाऊण तास. हे आकडे मला आता पाठ आहेत. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि त्या यंत्राला हात लावायची मला बंदी होती.

अण्णा गेल्यावर एकोणीस स्पूलं डोंबिवलीला माझ्याकडे आली आणि माळ्यावर गेली. खाली यायला माझी निवृत्ती उजाडावी लागली. मित्राचा मुलगा पुण्यात ध्वनिमुद्रणाचं काम करतो, त्याच्याकडे स्पूलचं चालू मशीन होतं. त्याने पहिली आठ स्पूलं डिजिटल करून एका हार्ड डिस्कवर घालून दिली. ‘काका, सगळं चोवीस-एकशेब्याण्णववर केलंय. हाय-रेझ. पुन्हा करायची वेळ येणार नाही,’ असं अभिमानाने म्हणाला. मीही अभिमानाने मान डोलावली. चोवीस काय आणि एकशेब्याण्णव काय, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं.

त्याच सुमारास निवृत्तीच्या पैशातून नवा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर घेतले होते. ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर काळ्या चौकोनात सोनेरी अक्षरांत ‘हाय-रेझ ऑडिओ’ असा शिक्का होता. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने त्या शिक्क्यावर बोट ठेवून ‘साहेब, ह्याच्या पुढे काही नाही’ असं सांगितलं होतं. हा शिक्का जपानच्या ऑडिओ सोसायटीचा आहे. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट किंवा त्याहून वरचं ध्वनिमुद्रण जे यंत्र हाताळू शकतं, त्याला तो मिळतो. हे मी नंतर वाचलं. दुकानात मी फक्त सोनेरी रंग पाहिला होता.

रविवारी सकाळी पेनड्राइव्हवर सातव्या स्पूलची फाइल घेतली आणि ॲम्प्लिफायरच्या पुढच्या खाचेत लावली. पोह्यांची बशी हातात घेऊन खुर्चीत बसलो. पडद्यावर ‘नो फाइल’ आलं. पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावला. ‘नो फाइल’. हिने स्वयंपाकघरातून विचारलं, ‘लागलं का अण्णांचं गाणं?’ मी म्हटलं, ‘लागतंय.’

लागायला तीन आठवडे गेले.

पहिली भानगड पेनड्राइव्हचीच निघाली. पेनड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायच्या निरनिराळ्या पद्धती असतात. माझा होता नव्या पद्धतीचा आणि ॲम्प्लिफायरला वाचता येत होती फक्त जुनी, फॅट-३२ नावाची. त्या पद्धतीत एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. माझ्या स्पूलची एक बाजू तीन जीबीच्या वर जात होती, म्हणजे ती कशीबशी बसली. पण दोन्ही बाजू जोडून एक सलग फाइल करावी म्हटलं तर ती मावेना. मग लक्षात आलं, की टेप मोनो आहे. एका माइकचं रेकॉर्डिंग, ते डाव्या-उजव्या दोन वाटांनी तेच ते दोनदा भरलेलं. निम्मी डिस्क नुसती प्रत बाळगत होती. मित्राच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, ‘हो काका, सवयीने स्टिरिओ केलं.’

पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने मांडल्यावर पडद्यावर फाइलचं नाव आलं. नाव म्हणजे नुसते चौकोन. मी देवनागरीत ‘दरबारी – उरूस’ असं लिहिलं होतं आणि यंत्राला ते वाचता येत नव्हतं. त्याखाली ‘अनसपोर्टेड’. पुस्तिका काढून भिंगाने वाचली. सोनेरी शिक्का खरा होता, पण तो पाठीमागच्या यूएसबी खाचेसाठी, जिथे संगणक जोडायचा. पुढच्या खाचेत पेनड्राइव्हवरून चालणार फक्त ४८ किलोहर्ट्झपर्यंत. तिसाव्या पानावर तळटीप होती. शिक्का खोक्यावर मोठा, तळटीप तिसाव्या पानावर. ह्याला लबाडी म्हणायचं की नाही ते माझं अजून ठरलेलं नाही.

आता आकड्यांचं सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ध्वनीची लाट सेकंदाला किती वेळा मोजली तो किलोहर्ट्झचा आकडा, आणि प्रत्येक माप किती बारीक पट्टीने घेतलं तो बिटचा. सीडीवर सेकंदाला ४४,१०० मापं असतात आणि पट्टीवर ६५,५३६ रेघा. त्याला सोळा बिट म्हणतात. चोवीस बिटच्या पट्टीवर रेघा होतात १ कोटी ६७ लाखांच्या वर. जितक्या वेळा मोजाल त्याच्या निम्म्यापर्यंतचे सूर पकडता येतात, म्हणजे सीडीवर सुमारे २२ हजार हर्ट्झपर्यंत. तरुण निरोगी कान २० हजारापर्यंत ऐकतो. ४४,१०० हा तिरपागडा आकडा कुठून आला याचं मला फार कुतूहल होतं. सीडी यायच्या आधी डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. चित्राच्या एका रेघेत तीन मापं, अशा २४५ रेघा, सेकंदाला साठ वेळा. गुणाकार करून पाहा. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीने तो आकडा तसाच उचलला.

पेनड्राइव्हचा नाद सोडून लॅपटॉप पाठीमागच्या खाचेला जोडला. गाणं लागलं! पण ॲम्प्लिफायरच्या पडद्यावर आकडा दिसत होता ४८. फाइल १९२ ची, यंत्र १९२ घेऊ शकणारं, आणि पोचत होते ४८. मधे कोण खातंय? विंडोज खात होतं. संगणकाला एकाच वेळी गाणं, मेलची टिंग आणि व्हिडिओ असे सगळे आवाज मिसळावे लागतात, म्हणून तो सगळ्यांना एका मापात कापून घेतो. माझ्या लॅपटॉपवर ते माप ४८ ठेवलेलं होतं. गाण्याच्या प्रोग्रामला ‘ह्या खाचेवर दुसऱ्या कुणाला येऊ देऊ नको’ असं सांगायची सोय असते. ती शोधून चालू केली, तेव्हा कुठे पडद्यावर १९२ उमटले. मी हिला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, ‘आवाज तोच आहे.’

फोनवरून लावून पाहिलं. अँड्रॉइडही बहुतेक वेळा तसंच मिसळून ४८ करून पुढे पाठवतो. ब्लूटूथची कथा आणखी निराळी. सीडीच्या दर्जाचा आवाज जसाच्या तसा पाठवायचा तर सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात. ब्लूटूथवरची एलडॅक नावाची उदार पद्धतही ९९० च्या वर जात नाही, म्हणजे तिलाही काहीतरी गाळावंच लागतं. माझ्या ॲम्प्लिफायरला एलडॅकही येत नव्हती. त्याला येत होती एसबीसी, ब्लूटूथची बाराखडी म्हणा. फोनवर मात्र गाण्याच्या ॲपमध्ये ‘हाय-रेझ लॉसलेस’ अशी पट्टी झळकत होती. ती पट्टी खोटी नव्हती. फोनपर्यंत आवाज तसाच येत होता. पुढे काय होतं हे ॲपला ठाऊक नाही.

ह्या सगळ्यात माझी सगळ्यात मोठी फजिती झाली ती डीएसडीमुळे. माझा एक मावसभाऊ सुपर ऑडिओ सीडीच्या काळातला शौकीन. सोनी आणि फिलिप्सने १९९९ मध्ये ती तबकडी काढली. तिच्यातल्या ह्या डीएसडी पद्धतीत पट्टी दोनच रेघांची, पण मोजणी सीडीच्या चौसष्टपट, सेकंदाला अठ्ठावीस लाखांहून जास्त वेळा. त्याने काही फाइली दिल्या आणि सांगितलं, ‘ऐक, मग बोल.’ संगणकावरून डीएसडी पाठवायची एक युक्ती असते. ती साध्या चोवीस बिटच्या आवाजाच्या वेषात पाठवतात. प्रत्येक मापात सोळा बिट खरा माल आणि आठ बिट खूण, की ‘हा वेष आहे, आत डीएसडी आहे.’ ॲम्प्लिफायरने खूण ओळखली तर गाणं, नाही तर तो त्याला साधा आवाजच समजतो. मी सवयीप्रमाणे लॅपटॉपवरचा आवाज जरा कमी केला. आवाज कमी करणं म्हणजे प्रत्येक आकड्याला गुणणं, आणि त्यात खूण पुसली गेली. स्पीकरमधून पत्र्यावर पडणाऱ्या बारीक पावसासारखी सरसर येऊ लागली. मी ती मिनिटभर मन लावून ऐकली. मला वाटलं, गाण्याची सुरुवात अशीच असेल, प्रेक्षागृहाची शांतता वगैरे. मुलगी आत आली आणि म्हणाली, ‘बाबा, काय बिघडलंय?’

एवढं सगळं जुळल्यावर खरा प्रश्न उरला. फरक ऐकू येतो का?

मुलीने परीक्षा घ्यायचं ठरवलं. ती माझ्यासारखी भाबडी नाही. फूबार २००० नावाच्या फुकट प्रोग्रामला एक जोड मिळते. तिच्यात अ आणि ब असे दोन आवाज असतात, तिसरा क्ष त्या दोघांपैकी एक असतो आणि कुठला ते आपल्याला सांगायचं. कुठला लावलाय हे परीक्षकालाही माहीत नसतं. तिने एका नव्या, २४/९६ मध्येच मुद्रित झालेल्या सतारीच्या तुकड्यातून सीडीच्या मापाची प्रत केली आणि मला सोळा वेळा विचारलं. आधी पंखा बंद केला. माझ्या फोनमधलं ॲप पंखा चालू असताना ४७ डेसिबल दाखवत होतं आणि बंद केल्यावर ३३. सोळा बिटच्या पट्टीत सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठा आवाज यांत सुमारे ९६ डेसिबलचं अंतर असतं. ३३ वर ९६ चढवा, १२९ होतात. तेवढा आवाज घरात काढला तर कान दुखतील आणि सोसायटीची नोटीस येईल. म्हणजे आमच्या हॉलमध्ये सोळा बिटची पट्टीच अख्खी वापरली जात नव्हती, चोवीस तर दूर. हे गणित मुलीने परीक्षेआधीच मांडलं होतं. मी म्हटलं, ‘गणित बाजूला ठेव. कान वेगळा असतो.’

सोळापैकी नऊ बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी आठ आले असते. बारा आले असते तर काहीतरी ऐकू येतंय असं मानायला जागा होती. घाम पुसत मी पंखा लावला.

मग वाचायला बसलो. अमेरिकेत मेयर आणि मोरान या दोघांनी २००७ मध्ये हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केलेला आहे. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा बरोबर उत्तर. अर्ध्याला एक कमी. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी अठरा प्रयोगांची बेरीज केली, तेव्हा साडेबारा हजार चाचण्यांत ५२.३ टक्के उत्तरं बरोबर निघाली. म्हणजे काहीतरी बारीकसं असावं. सराव दिलेल्या श्रोत्यांत ते जास्त दिसलं. पण माझ्यासारख्या, अकरा हजार हर्ट्झच्या वर शांतताच ऐकणाऱ्या, साठी ओलांडलेल्या कानासाठी तो प्रश्न मिटला. मावसभाऊ अजून मानत नाही. त्याचं म्हणणं, माझे स्पीकर कमी पडतात. असतील.

मग ह्या यंत्रांत काय असावं? माझं स्पष्ट मत झालंय ते सांगतो. १९२ आणि डीएसडी यांच्या आकड्यांवर दुकानात भांडू नका. यंत्र फ्लॅक फाइल २४/९६ पर्यंत, पेनड्राइव्हवरूनसुद्धा, वाजवतं का एवढं पाहा. २००१ पासूनची ही फुकट पद्धत आहे, काही न गाळता फाइल लहान करते, आणि जुनी-नवी बहुतेक रेकॉर्डिंगं तीत मावतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत जाताना ते दम घेतं का ते पाहा. आपल्याकडे राग एक असतो पण विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक करतात. तबला समेकडे धावतोय, ट्रॅक बदलतो, आणि यंत्र पाव सेकंद गप्प. समेचा ठोका कुणीतरी गिळल्यासारखा वाटतो. एमपीथ्रीत हा घोळ मुळातच आहे, ती पद्धत सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटवते. फ्लॅकमध्ये तो नाही, तरी यंत्राने नीट वाजवलं नाही तर तिथेही होतो. माझ्या सोनेरी शिक्क्याच्या यंत्रात होतो. हा फरक सोळापैकी सोळा वेळा ऐकू येतो, त्यासाठी पंखाही बंद करावा लागत नाही. आणि देवनागरी नावं दिसली पाहिजेत. एवढं मागणं जास्त आहे का? पंचवीस चौकोनांतून दरबारी ओळखायचा कसा?

सरतेशेवटी मी लॅपटॉप काढून टाकला आणि एका रास्पबेरी पाय नावाच्या पानाच्या डब्याएवढ्या संगणकावर फुकट मिळणारा प्रोग्राम बसवला. तो पाठीमागच्या खाचेतून ॲम्प्लिफायरला जसं आहे तसं देतो, मधे काही कापत नाही, दम घेत नाही आणि फोनवर नावं देवनागरीत दाखवतो. खर्च ॲम्प्लिफायरच्या दहाव्या हिश्श्याहून कमी.

इथे हे सगळं संपलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी मिरजेला गेलो आणि अण्णांच्या ओळखीचे एक तानपुरे करणारे चाचा आहेत, त्यांना ते दरबारीचं स्पूल ऐकवायला घेऊन गेलो. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. चाचांच्या दुकानात ते मानांकन कुठे लावलेलं दिसलं नाही, भोपळे टांगलेले दिसले. चाचांची पंचाहत्तरी झालेली. मांडीवर तानपुरा आडवा, घोडीवर बारीक कानस फिरवत जवारी काढत होते. दोनदा घासायचं, तार छेडायची, कान लावायचा, सुताचा धागा तारेखाली किंचित सरकवायचा, पुन्हा छेडायची. मधेच तार उमलल्यासारखी व्हायची आणि ते मान हलवून पुन्हा घासायचे.

मी छोटे स्पीकर मांडले आणि अर्थातच आधी आकडे सांगितले. चोवीस बिट, एकशेब्याण्णव. चाचा म्हणाले, ‘वाजव.’

ते घासत घासत ऐकत होते. मी त्यांच्याकडे बघत होतो. अर्धा तास झाला असेल, कानस थांबली.

‘तानपुरा चढायला लागलाय रं.’

मी म्हटलं, ‘चाचा, रात्रीचं रेकॉर्डिंग आहे. गारव्याने तार चढली असेल.’

‘तार चढली तर मधी लावून घेत्यात. बरं, तार चढली. पेटी चढंल व्हय? ऐक की पेटी.’

मी ऐकलं. खरंच, पेटीही वर गेली होती. पेटीच्या पत्त्या गारव्याने इतक्या हलत नाहीत, त्या जिथल्या तिथे असतात. गळा, तानपुरा, पेटी, सगळंच हळूहळू वर सरकत होतं. सुरुवातीला काळी एक होती, शेवटी ती पांढरी दोनच्या जवळ पोचली होती. इतके महिने ही फाइल मी दहा वेळा तरी ऐकली असेल, पडद्यावर १९२ बघत. मला एकदाही जाणवलं नव्हतं.

‘मशिन धावतंय बघ,’ चाचा म्हणाले. ‘तुझ्या बापाचं का तुझं, ते बघ.’

परतीच्या रेल्वेत पेन्सिलीची ओळ आठवली. शेवटी सेल उतरले. सेल उतरले की रेकॉर्ड करताना टेप हळू सरकते. तीच टेप पुढे बरोबर वेगाने वाजवली की सगळं धावतं आणि वर चढतं. अण्णांनी लिहून ठेवलं होतं. मी ती ओळ खर्चाची तक्रार म्हणून वाचत आलो होतो.

घरी येऊन मुलीने फाइल ऑडॅसिटीत उघडली. दर्ग्यात लाउडस्पीकर होता, त्याची विजेची घूं सगळ्या टेपभर बारीक चालू आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. फाइलच्या सुरुवातीला घूं ५० वर होती. तिसाव्या मिनिटानंतर चढायला लागली आणि शेवटी ५२ ला पोचली. आता त्या काळी वीजही ५० वर ठाम नसे, त्यामुळे नुसत्या घूंवर भिस्त ठेवून चालत नाही. म्हणून तिने पेटीचा षड्जही मोजला. तोही तेवढाच चढला होता, शेकडा चार. वीज हलली असती तर पेटी हलली नसती. दोन्ही एका प्रमाणात चढले, म्हणजे टेपच.

मित्राच्या मुलाने मूळ फाइलवरून घूंचा माग धरून शेवटची पंधरा मिनिटं हळूहळू खाली ओढली. पाऊण तासाची बाजू अठरा सेकंदांनी लांबली. दरबारीचा गंधार, जो शेवटी शेवटी घाईत झुलल्यासारखा वाटायचा, तो आपल्या जागी येऊन सावकाश झुलायला लागला. हा फरक हिलाही ऐकू आला. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन ती म्हणाली, ‘आता म्हाताऱ्या माणसासारखा गातोय.’

इथे मला चोवीस बिटचा उपयोग कळला. ऐकायला तो नाही, पण दुरुस्तीला आहे. खेचाखेची करताना प्रत्येक मापाचं पुन्हा गणित होतं आणि आकडे जरा जरा झिजतात. पट्टी बारीक असेल तर झीज कानापर्यंत येत नाही. रेकॉर्ड करतानाही तसंच. गवई आलापीत पुटपुटतो आणि तानेत गरजतो, त्यामुळे वर भरपूर मोकळी जागा ठेवून टेप उतरवावी लागते, आणि ती उधळपट्टी चोवीस बिटमध्ये परवडते. जगभरच्या ध्वनिसंग्रहांची आयासा म्हणून संघटना आहे. जुनं काही डिजिटल करताना कमीत कमी २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा, असं तीही सांगते आणि पुष्कळ संग्रह ९६ ला ठेवतात. १९२ ची गरज ह्या टेपेला नव्हती. मुलीने काढलेल्या चित्रात अकरा हजार हर्ट्झच्या वर नुसती टेपची सळसळ आहे. आता डिजिटल झालेली सगळी स्पूलं मी २४/९६, मोनो, फ्लॅक अशी ठेवलीत. एक बाजू साडेचारशे एमबी.

एक गोष्ट मात्र योगायोगाने बचावली. टेप उतरवताना मित्राच्या मुलाने विचारलं होतं, ‘काका, ती घूं काढून टाकू? दोन मिनिटांचं काम आहे.’ मी कंटाळून ‘राहू दे रे’ म्हटलं होतं. काढली असती तर वेग मोजायला काही उरलं नसतं. तुमच्याकडे अशा टेपा असतील तर पहिली प्रत धुऊ नका. सळसळ, घूं, खोकले, सगळं तसंच ठेवा, साफसफाई दुसऱ्या प्रतीवर करा. आणि खोक्यावर पेन्सिलीने काही लिहिलेलं असेल तर फाइलबरोबर त्याचाही फोटो ठेवा.

चाचांना दुरुस्त केलेली प्रत पाठवली. त्यांच्या नातवाने फोनवर लावून दिली. म्हणजे पुन्हा सगळं मिसळून ४८ झालं असणार. चाचांनी फोन करून सांगितलं, ‘आता पेटी बसली.’ गवई कोण ते त्यांनाही ओळखू आलं नाही. आवाज ऐकल्यासारखा वाटतो, म्हणाले, पण नाव ओठावर येईना.

मिरजेत १९७१ च्या उरुसात रात्री दरबारी कोण गायलं, हे कुणाला आठवत असेल तर कळवा. खोक्यावर अण्णांच्या ओळीखाली जागा आहे.